मांडीवरचा राजगड

टीव्ही घराचा असतो, लॅपटॉप एकाचा. टीव्हीपुढे सतरंजी पसरता येते. लहान पोरं पुढे, म्हातारी माणसं भिंतीला टेकून आणि सहज डोकावलेली शेजारीण उंबऱ्यापाशी, अशी बैठक न बोलावता जमते. लॅपटॉपपुढे फार तर दोघं बसतात. तिसऱ्याला त्या दोघांच्या डोक्यांमधून दिसेल तेवढंच दिसतं. म्हणून लॅपटॉपमधलं काही टीव्हीवर लावावंसं वाटतं, ती इच्छा मला मोठ्या मनाची वाटते. मला दिसलं ते घरातल्या सगळ्यांना दिसावं, एवढंच तिचं मागणं. ते वायरीच्या दोन टोकांमध्ये अडलं, तर का अडलं याचा छडा लावायलाच हवा.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला महामार्ग कापूरहोळला आला की त्याला दोन्ही अंगांनी रस्ते फुटतात. उजवीकडे भोर, डावीकडे नारायणपूर आणि सासवड. फाट्यावर गाड्यांची वर्दळ कधी थांबत नाही. केतकावळ्याच्या बालाजीला निघालेले, पौर्णिमेला नारायणपूरच्या दत्ताला निघालेले, भोरची एसटी धरायला पळणारे, सगळे इथूनच वळतात. पण हे धाराऊचं गाव आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. 14 मे 1657 ला पुरंदरावर शंभूराजांचा जन्म झाला. आई सईबाईंची प्रकृती खालावलेली, बाळाला दूध पुरेना. तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ गडावर गेली आणि तिने त्या बाळाला अंगावर पाजलं. अंतोजी आणि रायाजी ही तिची मुलं शंभूराजांचे दूधभाऊ झाली. 5 सप्टेंबर 1659 ला सईबाई राजगडावर वारल्या, तेव्हा शंभूराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. सईबाईंची समाधी राजगडाच्या पद्मावती माचीवर आहे.

माझी आत्या या गावात नांदली. धाराऊची गोष्ट तिने आम्हा सगळ्या भाचरांना सांगितली आहे, आणि दर वेळी शेवटी ती एकच म्हणायची, "त्या माउलीच्या समाधीवर एकदा फूल वाहायचं राहिलंय बघ." तरुणपणी शेतातून सवड झाली नाही आणि सवड झाली तोवर गुडघे गेले. राजगड काही फार लांब नाही. नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागायचं आणि गुंजवण्याच्या पायथ्याला जायचं. पण पायथ्यापासून पुढे चोर दरवाज्याचा चढ आहे, आणि तो आत्याच्या गुडघ्यांचं ऐकणार नाही.

यंदा तिची नात कॉलेजच्या मुलींबरोबर गड चढून आली. आजीसाठी म्हणून तिने सगळी वाट मोबाइलमध्ये टिपली. गुंजवण्यातली घरं, जंगलातली पायवाट, कातळातल्या पायऱ्या, माचीवरचं तळं, पद्मावतीचं देऊळ आणि सईबाईंची समाधी. ते सगळं लॅपटॉपमध्ये उतरवून तिने आजीच्या मांडीवर ठेवलं. आत्याच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. ती पडद्याला नाक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "दिसतंय गं, पर मुंगीएवढं दिसतंय. त्या टीव्हीवर न्हाय का व्हायचं?"

नातीने वायर आणली. एक टोक लॅपटॉपला, एक टीव्हीला. टीव्हीवर निळा पडदा आला आणि त्यावर दोनच शब्द: नो सिग्नल.

याच टापूत चित्रासाठी माणसांनी पूर्वी फार कष्ट केले आहेत. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबईत दूरदर्शन सुरू झालं. पुढे सिंहगडाच्या माथ्यावर मनोरा उभा राहिला आणि पुण्याच्या आसपासच्या गावांना तिथून चित्र मिळू लागलं. डोंगराआडच्या घरांत पडद्यावर मुंग्याच जास्त. 1987 मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवायचा, एक जण टीव्हीपुढे बसायचा आणि एक जण अंगणात उभा राहून आतलं वर पोचवायचा. "आलं का?" "आलं, आलं! राहू दे तसंच! गेलं बघ!" त्या आरडाओरड्यात चित्र अर्धंमुर्धं का होईना, यायचं. मनोरा आपला चहूकडे चित्र सोडत राहायचा. कोणाच्या घरी कोणता टीव्ही आहे, याची विचारपूस त्याने कधी केली नाही.

आजची वायर विचारपूस केल्याशिवाय चित्र देत नाही. एचडीएमआय नावाची ही जोडणी 2002 मध्ये ठरली. तिच्या चपट्या तोंडात 19 पिना असतात. वायर जोडली की 18 व्या पिनेतून लॅपटॉप टीव्हीकडे 5 व्होल्ट पाठवतो. टीव्ही 19 व्या पिनेतून उत्तर देतो, की मी इथे आहे. मग 15 आणि 16 या पिनांवरून लॅपटॉप टीव्हीची माहिती वाचून घेतो: बनवणारी कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, किती बारीक चित्र पेलतं, सेकंदाला किती वेळा पडदा ताजा होतो. या माहितीचा पहिला भाग अवघ्या 128 बाइटचा, म्हणजे एखाद्या छोट्या निरोपाएवढा. तो नीट वाचला गेला की लॅपटॉप त्या मापाचं चित्र बेतून पाठवतो. निरोप वाटेत अडला, तर वायर शाबूत, टीव्ही शाबूत, लॅपटॉप शाबूत, आणि तरी पडदा निळाच. जुन्या अँटेनावर चित्र खराब यायचं. इथे बहुतेक वेळा लख्ख येतं किंवा मुळीच येत नाही.

अशा वेळी हाताला येईल ते बटण दाबत सुटलं की गुंता वाढतो. कापूरहोळच्या फाट्यावर पुण्याकडून आलेल्या कोणी भोरची वाट विचारली, तर आपण त्याला सगळा मुलूख समजावत बसत नाही. उजवीकडे वळा, एवढंच सांगतो, आणि डावीकडचा सगळा प्रदेश त्याच्यापुरता संपतो. बिघाड शोधताना प्रत्येक प्रश्न असा विचारावा, की त्याच्या उत्तराने निम्म्या शंका गळून पडाव्यात.

नो सिग्नल हे दोन शब्दही पहिलं उत्तरच असतात. टीव्हीला वीज आहे, त्याचा पडदा जिवंत आहे आणि तो कुठल्या तरी दाराशी उभा राहून वाट बघतो आहे. दार कोणतं, हे आधी पाहायचं. टीव्ही भिंतीला टेकलेला असला की मागची अक्षरं वाचता येत नाहीत. नातीने मोबाइल मागे सरकवून फोटो काढला. फोटोत धुळीने माखलेली दोन तोंडं दिसली: एकात सेटटॉप बॉक्सची वायर, दुसऱ्यात आमची, आणि तिच्या वर कोरलेला 2 चा आकडा. रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबून एचडीएमआय 2 निवडलं. पडदा निळाच राहिला. दार तर बरोबर होतं.

पुढचा प्रश्न: टीव्हीचं हे तोंड चांगलं आहे का? सेटटॉप बॉक्सची वायर काढून तिथे लावली. बातम्या दिसू लागल्या. म्हणजे टीव्हीचं तोंडही चांगलं आणि बॉक्सची वायरही चांगली. आता तीच वायर बॉक्समधून काढून लॅपटॉपला लावली. पुन्हा नो सिग्नल. टीव्ही सुटला, वायर सुटली. राहिला लॅपटॉप, किंवा लॅपटॉपची टीव्हीशी न पटलेली ओळख. दुसऱ्या घरून वायर मागून आणायची गरज पडली नाही, की नवी विकत घ्यायची. चालतंय हे माहीत असलेली वस्तू संशयितांच्या जागी एकेक करून ठेवायची, एवढं केलं की बरंचसं उलगडतं.

लॅपटॉपवर विंडोजचं बटण दाबून धरून पी दाबलं की चार वाटा समोर येतात: फक्त लॅपटॉपचा पडदा, दोन्हीकडे तेच चित्र, दोन्ही पडदे मिळून एक लांब पडदा, किंवा फक्त दुसरा पडदा. पुष्कळ घरांतला बिघाड इथेच मिटतो, कारण पहिली वाट निवडलेली असेल तर टीव्हीकडे काहीच जात नाही. नातीने दुसरी वाट निवडली, म्हणजे डुप्लिकेट. तरी काही नाही. याचा अर्थ लॅपटॉपला दुसरा पडदा दिसतच नव्हता. तो 128 बाइटचा निरोप कुठेतरी अडकला होता.

अडकलेला निरोप सोडवायचा तर दोघांनाही पूर्ण झोपवून पुन्हा उठवावं लागतं. रिमोटने बंद केलेला टीव्ही अर्धवट जागा असतो. त्याची वीज भिंतीवरच्या बोर्डावरूनच तोडायला हवी. लॅपटॉपचंही तसंच. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअपची सोय चालू असेल तर शट डाउन केलं तरी तो आतला थोडा संसार जपून ठेवतो आणि उठल्यावर तोच पुढे चालवतो. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं नव्याने मांडतो. म्हणून क्रम असा धरला: वायर काढली, बोर्डावरचं बटण बंद केलं, लॅपटॉप रीस्टार्टला लावला. चहा झाला. मग आधी टीव्ही, मग सोर्स, मग वायर घट्ट बसवली, आणि नातीने विंडोज आणि पी दाबलं.

पडदा क्षणभर काळा झाला आणि गुंजवण्याची पायवाट भिंतीवर उघडली.

आत्या पुढे सरकली. पण गडाचा माथा वरून कापला गेला होता आणि वाऱ्याचा आवाज अजून लॅपटॉपमधूनच येत होता. या दोन्ही गोष्टींचा बाऊ करायचं कारण नसतं. काही टीव्ही सवयीने चित्र थोडं ताणून त्याच्या कडा चौकटीबाहेर ढकलतात. चित्राच्या मापाच्या सेटिंगमध्ये स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन निवडलं की कडा परत येतात. आवाजासाठी लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खुणेवर जाऊन टीव्हीचं नाव निवडायचं. नातीने दोन्ही केलं. राजगडाचा वारा खोलीभर घुमायला लागला.

मग आत्याने गड चढला. चोर दरवाज्याशी कातळाला बिलगून चढणाऱ्या मुली बघून तिने पदर तोंडाला लावला. तळ्याचं पाणी पाहून म्हणाली, "एवढ्या वर पानी!" समाधी आली तेव्हा नातीने चित्र थांबवलं. दगडी चौथरा, त्यावर कोणी तरी वाहिलेली झेंडूची फुलं, एका कोपऱ्यात उदबत्तीची राख. आत्या उठली, टीव्हीजवळ गेली आणि तिने देव्हाऱ्यातलं एक फूल आणून टीव्हीखालच्या फळीवर ठेवलं. "धाराऊच्या गावातनं आलंय म्हनावं," एवढंच बोलली. तोवर दारात शेजारच्या दोघी येऊन उभ्या होत्या. त्यांना बसायला सांगून तिने नातीला सगळं पहिल्यापासून लावायला लावलं.

एक सावधगिरी मात्र प्रत्येक घराने पाळावी. वळवाचे ढग आले, गडगडायला लागलं, की टीव्हीचा प्लग काढावा आणि एचडीएमआयची वायरही काढून ठेवावी. वीज जवळपास पडली तर तिचा झटका केबलच्या वायरीतून सेटटॉप बॉक्समध्ये आणि तिथून टीव्हीच्या या नाजूक तोंडापर्यंत पोचू शकतो. एरवी वायर लावताना आणि काढताना दोन्ही यंत्रं बंद ठेवणं हेही चांगलं, विशेषतः घराचं अर्थिंग धड नसेल तर. आणि नव्या पातळ लॅपटॉपला एचडीएमआयचं तोंडच नसेल, तर सी प्रकारच्या बारक्या तोंडाला जोडणी आणण्याआधी त्यातून चित्र बाहेर पडतं का, याची चौकशी करावी. तसं दिसणारं प्रत्येक तोंड चित्र देत नाही. काही नुसती फाइल आणि वीज यांच्यापुरतीच असतात.

पण मला मनापासून सांगायचं आहे ते वेगळंच. आपल्या गावांतली यंत्रं आता पुण्याहून रविवारी येणाऱ्या मुलांच्या भरवशावर चालतात. मुलगा येतो, खटाखट बटणं दाबतो, "झालं बघ" म्हणतो आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जातो. सोमवारी पडदा पुन्हा निळा झाला की घर पुढच्या रविवारची वाट बघतं. त्या आठवड्यात घरातल्यांना वाटत राहतं की हे आपल्या आवाक्यातलं नाही, आणि असं वाटत राहणं हे बिघडलेल्या वायरीपेक्षा जास्त नुकसानीचं आहे. म्हणून त्या दिवशी मी वायरीला हात लावला नाही. मी विचारत होतो, नात करत होती, आणि प्रत्येक पायरीनंतर काय बाद झालं ते तीच मोठ्याने सांगत होती. शेवटी तिने सगळी जोडणी मुद्दाम मोडली आणि एकटीने पुन्हा केली. सोर्सचं बटण कोणतं, ते तिने आजीला बोट धरून दाखवलं. त्या बटणावर आता नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे.

शहरातून गावी जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं. हातातली घाई बाजूला ठेवावी, तिथे राहणाऱ्याच्या हाताने काम होऊ द्यावं, त्याला लागेल तेवढा वेळ लागू द्यावा. कापूरहोळचं ते घर आता आपलं आपण गड चढतं. परवा आत्याचा फोन आला होता, टीव्हीबद्दल चकार शब्द नाही. त्यांचा तोरणाही बघून झाला होता, आणि ती मला झुंजार माचीवरची वाट समजावून सांगत होती.