श्रूजबरीतलं स्क्रूजचं थडगं

मुलांनो, पुण्याची श्रूजबरी बिस्किटं तुमच्यापैकी पुष्कळांनी खाल्ली असतील. लोण्याची, खुसखुशीत, तोंडात टाकली की विरघळणारी. पुण्याहून पाहुणे आले की त्यांच्या पिशवीतून तो खोका निघतोच. पण श्रूजबरी म्हणजे काय, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला का? मला तर लहानपणी वाटायचं, बेकरीवाल्याचं आडनाव असेल!

श्रूजबरी हे इंग्लंडमधलं एक गाव आहे. तिथं फार पूर्वीपासून अशी गोल, पातळ बिस्किटं करत आणि त्यांना गावाचंच नाव होतं. ते नाव प्रवास करत करत आपल्याकडे पोचलं.

आज मात्र मी तुम्हाला बिस्किटं खायला नेणार नाही. आज आपल्याला जायचंय एका थडग्यापाशी. घाबरलात? अहो, घाबरायचं काही कारण नाही. त्या थडग्यावर ज्याचं नाव कोरलं आहे, तो माणूस कधी जन्मालाच आला नाही. मग तो मरणार कुठून?

तर झालं असं. २०२३ च्या मे महिन्यात मी आणि आई बर्मिंगहॅमला गेलो होतो. माझी धाकटी बहीण तिथं असते. तिच्या बाळंतपणासाठी आई जाणार होती आणि आईला एकटीनं विमानात बसायची भीती वाटत होती, म्हणून माझी वर्णी लागली! बाळ-बाळंतीण जरा सावरल्यावर मेहुणे म्हणाले, "ताई, शाळेतल्या मुलांना सांगण्यासारखी एक जागा दाखवतो." बर्मिंगहॅमहून आगगाडीनं साधारण तासाभरात आम्ही श्रूजबरीला उतरलो.

स्टेशनाबाहेर आलं की समोरच लाल दगडाचा जुना किल्ला. चढ चढून वर गेलं की वाचनालय, आणि त्याच्या दारात खुर्चीत बसलेला एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचा पुतळा. ओळखा पाहू कोण? चार्ल्स डार्विन! सजीव सृष्टी कशी बदलत गेली हे जगाला सांगणारा हा शास्त्रज्ञ १८०९ साली याच गावात जन्मला. आजचं हे वाचनालय म्हणजे त्या काळची त्याची शाळा.

गावाला सेव्हर्न नदीनं असा वळसा घातलाय, की जवळजवळ सगळीकडे पाणीच. घोड्याच्या नालेच्या आत गाव वसवल्यासारखं. गल्ल्या अरुंद, चढउताराच्या. घरं पांढऱ्या भिंतींची आणि त्यात काळ्या लाकडाच्या तुळया. काही घरांचे वरचे मजले इतके पुढे आलेत की दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून शेजारणींनी एकमेकींना वाटीभर साखर द्यावी! चौकात १५९६ साली बांधलेली बाजाराची दगडी इमारत आहे आणि तिच्यात चक्क सिनेमागृह आहे.

सिनेमाचा आणि या गावाचा असा जुना संबंध आहे. तोच तर आजचा आपला विषय.

चार्ल्स डिकन्स या इंग्रज लेखकाची 'अ ख्रिसमस कॅरोल' नावाची एक छोटी कादंबरी आहे. एबेनेझर स्क्रूज हा तिचा नायक. नायक कसला, पक्का कवडीचुंबक! चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशातला. याचा धंदा व्याजानं पैसे देण्याचा. कचेरीत बॉब क्रॅचिट नावाचा गरीब कारकून. थंडीनं त्याची बोटं आखडली, तरी शेकोटीत आणखी एक कोळसा टाकायची सोय नाही. कोणी नाताळच्या शुभेच्छा दिल्या की स्क्रूज खेकसायचा, "हंबग!" म्हणजे, थोतांड आहे सगळं!

नाताळच्या आदल्या रात्री त्याच्याकडे एक भूत येतं. त्याच्या भागीदाराचं, मार्लेचं. मार्ले मरून सात वर्षं झालेली. त्याच्या अंगाभोवती साखळदंड, आणि त्या साखळीत काय अडकवलेलं? पैशांच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, हिशेबाच्या वह्या. जन्मभर जे जमवलं, तेच आता ओढत फिरायचं! मग एकामागून एक तीन आत्मे येतात. पहिला स्क्रूजला त्याचं एकाकी बालपण दाखवतो. दुसरा त्याला क्रॅचिटच्या घरी नेतो. तिथं कुबडी घेऊन चालणारा, आजारी छोटा टिम असतो. तिसरा आत्मा काळ्या झग्यातला. तो एक शब्द बोलत नाही, नुसतं बोट दाखवतो. शेवटी ते बोट एका थडग्यावर थांबतं. स्क्रूज वाकून वाचतो. दगडावर त्याचंच नाव!

तो गयावया करतो, बदलण्याचं वचन देतो, आणि जागा होतो. पाहतो तो काय, नाताळची सकाळ! म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. मग तो क्रॅचिटच्या घरी भलामोठा टर्की पक्षी पाठवतो, त्याचा पगार वाढवतो आणि टिमला तर दुसरा बापच मिळतो.

डिकन्सनं हे कुठून आणलं असेल? त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून. तो बारा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांना कर्ज फेडता आलं नाही म्हणून तुरुंगात टाकलं. छोट्या चार्ल्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर कागद चिकटवत बसावं लागलं. मोठेपणी त्यानं गरीब मुलांच्या शाळा पाहिल्या, खाणीत राबणाऱ्या मुलांची हकिगत वाचली आणि अवघ्या सहा आठवड्यांत ही गोष्ट लिहून काढली. १९ डिसेंबर १८४३ ला पुस्तक निघालं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्यासुद्धा!

पुढं सिनेमा आला, तशी सिनेमावाल्यांची या गोष्टीवर उडीच पडली. पहिला मूकपट निघाला १९०१ साली, इंग्लंडमध्ये. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ साली. म्हणजे त्याच्याही बारा वर्षं आधी! या मूकपटात दारावरच्या कडीच्या जागी मार्लेचा चेहरा उमटतो. तेव्हा संगणक नव्हते. एका चित्रावर दुसरं चित्र घेऊन ही करामत केली होती. या चित्रपटाचा काही भागच आज उरलाय.

तेव्हापासून किती स्क्रूज झाले म्हणता! पण मजा अशी, की ते थडगं जवळजवळ कोणालाच टाळता आलं नाही. १९५१ सालच्या कृष्णधवल चित्रपटात ॲलिस्टर सिम हा नट त्या दगडावर कोसळून रडतो. १९७० च्या संगीतपटात तिशीतल्या आल्बर्ट फिनीनं म्हातारा स्क्रूज रंगवला, आणि तो थेट थडग्याच्या खड्ड्यातच पडतो. १९८३ च्या मिकी माऊसच्या चित्रपटात स्क्रूज झालेत अंकल स्क्रूज. होय, तेच कोट घातलेले बदकोबा! आम्ही लहान असताना दूरदर्शनवर त्यांची 'डक टेल्स' लागायची. त्यांचं नावच मुळी या गोष्टीवरून ठेवलंय. १९९२ साली बाहुल्यांचा 'मपेट ख्रिसमस कॅरोल' आला. त्यात गोष्ट सांगणारे दोघे, गॉन्झो आणि रिझो उंदीर, काळा आत्मा आल्यावर घाबरून पळ काढतात आणि शेवटी परत येतात! स्क्रूज झालेला मायकेल केन मात्र आजूबाजूला सगळ्या बाहुल्या असूनही अगदी गंभीरपणे काम करतो. म्हणून तर ते खरं वाटतं. २००९ सालच्या चित्रपटात जिम कॅरीनं स्क्रूजही केला आणि तिन्ही आत्मेही. संगणकाच्या मदतीनं, अर्थात!

आईबाबांसाठी एक सूचना. घरात अगदी लहान मूल असेल तर मिकीचा किंवा बाहुल्यांचा चित्रपट आधी दाखवा. २००९ चा जरा भीतिदायक आहे. सातवी-आठवीच्या मुलांना १९५१ चा आणि १९८४ चा दाखवा, शेजारी बसून.

आता या १९८४ च्या चित्रपटाकडेच येऊ. दिग्दर्शक होता क्लाइव्ह डॉनर. हाच माणूस १९५१ च्या चित्रपटाचा संकलक होता बरं का! तेहतीस वर्षांनी त्यानं तीच गोष्ट पुन्हा हातात घेतली. स्क्रूज झाला अमेरिकन नट जॉर्ज सी. स्कॉट. गोष्ट घडते लंडनमध्ये, पण डिकन्सच्या वेळचं लंडन आता राहिलंय कुठं? म्हणून मंडळी आली श्रूजबरीला. इथल्या गल्ल्यांनी लंडनचं सोंग घेतलं. आणि थडग्यासाठी त्यांनी निवडलं सेंट चॅडचं चर्च.

हे चर्च १७९२ सालचं. आतला मुख्य भाग चक्क गोल! डार्विनचा बाप्तिस्मा इथलाच. समोर मोठी बाग, खाली नदी. मागच्या आवारात जुनी थडगी, त्यांवर शेवाळ, मधून गवत. मेहुणे पुढे गेले आणि म्हणाले, "हे बघा."

जमिनीत एक आडवी, काळपट शिळा. तिच्यावर खोल अक्षरांत कोरलेलं: एबेनेझर स्क्रूज.

मला हसूच आलं. खोट्या माणसाचं थडगं! चित्रीकरण संपलं, मंडळी गेली, शिळा तिथंच राहिली. लोक लांबून लांबून तिला बघायला यायला लागले. मग मेहुण्यांनी सांगितलं, "ताई, दगड खोटा नाही हं. हा इथलाच जुना थडग्याचा दगड. वरची अक्षरं झिजून गेली होती, वाचता येत नव्हती. म्हणून परवानगी घेऊन त्यावर स्क्रूजचं नाव कोरलं."

माझं हसू थांबलं. तिथं उभ्या उभ्या मला काय आठवलं, ते तुम्हाला सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगते.

त्याच वर्षी जानेवारीत आमच्या शाळेची सहल गेली होती. दोनशे रुपये वर्गणी, पाच तारखेपर्यंत भरायची. चौथीतला एक मुलगा माझ्याकडे आला. त्याची आई चार घरची धुणीभांडी करायची. "बाई, आईचा पगार दहाला होतो. दहाला दिले तर चालतील?" मी वहीतून मान वरसुद्धा न करता म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा." वहीत त्याच्या नावापुढं फुली मारली. दोनशे रुपये काही जड नव्हते मला. पण यादी पूर्ण करायची होती, बस ठरवायची होती, हिशेब द्यायचा होता. सहलीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं नेहमीसारखा फळा पुसला. एक शब्द बोलला नाही.

मुलांनो, गोष्टीतला स्क्रूज जागा झाला तेव्हा नाताळची सकाळ होती. त्याला क्रॅचिटचं घर माहीत होतं. मी जूनमध्ये परत आले तेव्हा तो मुलगा चौथी पास होऊन दुसऱ्या शाळेत गेला होता. घरी गेले, तर त्यांनी खोली सोडलेली. आता आमच्या सहलीची यादी दहा तारखेनंतर करतात आणि कोणाच्या नावापुढं फुली मारायच्या आधी मी मान वर करून बघते. पण त्या मुलाची सहल राहिली ती राहिलीच.

त्या डिसेंबरात मी वर्गात स्कॉटचा चित्रपट लावला. इंग्रजी कळायचं नाही, म्हणून मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत होते. थडग्याशी आलो, तेव्हा वर्ग चिडीचूप. मी त्या शिळेची हकिगत सांगितली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, मग त्या दगडावर आधी नाव कोणाचं होतं?"

मला सांगता आलं नाही. कोणीतरी खरंखुरं माणूस होतं. त्याला घर असेल, नातवंडं असतील, त्यानं कोणाला कधी कोळसा दिला असेल किंवा नाकारला असेल. दगडावरचं त्याचं नाव पावसानं पुसलं आणि जो कधी नव्हताच, त्याचं नाव जगभर झालं.

पुढच्या वर्षी, २०२४ च्या नोव्हेंबरात, मेहुण्यांचा फोन आला. कोणीतरी त्या शिळेचे तुकडे केले होते. कोणी आणि का, कोण जाणे. गावाला फार वाईट वाटलं. खोट्या माणसाच्या दगडासाठी खरी माणसं हळहळली. तुकडे जोडता येतील अशी आशा नगरपरिषदेनं तेव्हाच बोलून दाखवली.

मी वर्गात हे सांगितलं, तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "बाई, आत्म्यानं दाखवलेला दगड तर पुसायचाच होता ना? स्क्रूजनंच तसं म्हटलं होतं."

बघा! मला जे सुचलं नाही, ते तिला सुचलं. गोष्टीतला स्क्रूज विनवतो, की या दगडावरचं माझं नाव पुसता येईल असं सांगा. ते दगड फोडून पुसत नाही, मुलांनो. कोणी दहा तारखेपर्यंत थांबायला सांगितलं तर थांबून पुसतं.

या नाताळात यातला एखादा चित्रपट जरूर पाहा. आणि श्रूजबरी बिस्किटांचा खोका फुटला, तर एक बिस्किट शेजारच्यालाही द्या बरं का!