शाळेच्या भिंतीवरचा वाघदेव

आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर बरीच वर्षं एक मुलगी आणि एक मुलगा पेन्सिलीवर बसलेले होते. सर्व शिक्षा अभियानाचं ते चिन्ह. 2001 मध्ये अभियान सुरू झालं आणि पुढे जिल्हा परिषदेच्या गावोगावच्या शाळांवर ही जोडी आली, खाली ‘सारे शिकूया, पुढे जाऊया’ ही ओळ. आमच्याकडच्या मुलाचा चेहरा पावसानं धुऊन गेला होता. 2024 च्या सुरुवातीला ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान आलं तसा रंगकामाचा विषय निघाला. गावातून वर्गणी झाली, एका पालकांनी रंगाचे डबे आणून दिले. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी म्हटलं, पेन्सिलीवरची मुलं पुन्हा रंगवूच, पण आपल्या शाळेचं स्वतःचं असं एक बोधचिन्ह असू द्या. आणि ते मुलांनी ठरवू द्या.

पुढे मुलांबद्दल लिहायचं आहे म्हणून गावाचं नाव घेत नाही. नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका, चहूकडे द्राक्षबागा आणि ऊस, चौथीपर्यंतची दोनशिक्षकी शाळा, एवढं पुरे.

चिन्ह ठरवायचं तर आधी शाळा कोणाची ते मुलांना कळायला हवं, म्हणून मी कपाटातलं जुनं जनरल रजिस्टर वर्गात आणलं. सुरुवातीच्या पानांवर मोडीतली अक्षरं आहेत. ती मुलांना चित्रासारखी वाटली, आणि त्यांनी बराच वेळ त्यावरून बोटं फिरवली. शाळा आधी लोकल बोर्डाची होती, मग स्कूल बोर्डाची, आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या तेव्हापासून जिल्हा परिषदेची. पाट्या बदलत गेल्या, रजिस्टर पुढे चालूच राहिलं. पान उलटावं तशी 1 जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा भेटते. आईबापांना तारीख सांगता यायची नाही, आणि नाव दाखल करायला आलेलं मूल परत पाठवायचं नाही, म्हणून त्या वेळच्या गुरुजींनी ती लिहिली. निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलेलं पाहून मुलं हसली. मला मात्र त्या तारखेत गुरुजींचा आग्रह दिसतो. कागद नाही म्हणून त्यांनी कोणाला दाराबाहेर ठेवलं नाही.

एका मुलाला आपल्या पणजोबांचं नाव सापडलं. तो रजिस्टर सोडायलाच तयार नव्हता. पण माझं लक्ष मागच्या बाकावर होतं. तिथल्या मुलांना या रजिस्टरात कोणाचंच नाव सापडणार नव्हतं.

आमच्या शाळेचा आजचा पट या मागच्या बाकांवर उभा आहे. बागायतदारांची बहुतेक मुलं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. त्याबद्दल मी कोणत्याही आईवडिलांना दोष देत नाही. पण द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातून मजुरांच्या टोळ्या येतात, मळ्यात खोप्या पडतात, आणि काही दिवसांनी चार-सहा नवी मुलं शाळेच्या दाराशी उभी राहतात. कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतली. छाटणी, विरळणी, मग माल काढणी असा हंगाम चालतो. शिमग्याला बरेच जण गावी जातात, काही परत येतात, आणि पावसाच्या तोंडाशी नागली-भाताच्या पेरणीसाठी सगळेच निघून जातात. काही जणांकडे शिक्षण हमी कार्ड असतं, बऱ्याच जणांकडे काहीच नसतं. तिकडच्या शाळेच्या पटावर नाव, इकडे मूल. ते जुळवताना आम्हा शिक्षकांचे दिवस जातात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार 2023 मध्ये पुढे आला, तेव्हापासून आमच्या गावातही पट हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जातो. वीसच्या आसपासच आहोत आम्ही.

चित्रं काढायला सांगितली तर पहिल्या दिवशी ट्रॅक्टर, मोर, शिवाजी महाराज आणि मारुती आले. माझ्या मनात नांदूर मध्यमेश्वरचा एखादा पक्षी होता. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून ती जागा 2020 मध्ये जाहीर झाली. मुलांना सहलीत तिथले चमचा पक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या दाखवल्या होत्या. त्यांतला एकही पक्षी कोणी काढला नाही. मोठ्या मुलांचं मात्र एकमत होतं: बिबट्या.

निफाडच्या मुलांना बिबट्या पुस्तकात बघावा लागत नाही. उसात त्याला लपण मिळतं, पाणी मिळतं, वस्तीवरची कुत्री मिळतात. ऊसतोडीच्या वेळी फडात बछडे सापडतात. मग वनविभागाचे लोक संध्याकाळी त्यांना त्याच जागी क्रेटखाली ठेवतात, म्हणजे मादी येऊन घेऊन जाते. माणसांवर, लेकरांवर हल्ले झालेले आहेत. गावात पिंजरा लागला की शाळेची हजेरी खाली येते. मुलांनी घोळक्यानं यावं, मोठ्यानं बोलत यावं, हे आम्ही परिपाठात सांगतो.

म्हणून पालकांच्या बैठकीत चित्रं मांडली तेव्हा एक आई उठल्याच. “मॅडम, ज्याच्या भ्यानं आम्ही लेकरांना हात धरून शाळेत आणतो, त्याचंच चित्र शाळेवर काढायचं का?” त्यांच्या शेजारणीनं मान हलवली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते शोधायची मला घाईही नव्हती. त्यांचं म्हणणं खरं होतं.

त्या चित्रांत एक वेगळं चित्र होतं. सुरगाण्याकडची, चौथीतली एक मुलगी. हंगामापुरती आलेली, वर्गात फारसं न बोलणारी. तिनं उभी फळी काढली होती. फळीवर वाघ, वर एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र, खाली नाग. मी तिला बैठकीतच जवळ बोलावून विचारलं तर म्हणाली, हा वाघदेव, आमच्या गावच्या शिवेवर असतो. वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, गुराखी घरोघरचा शिधा गोळा करतात आणि त्याला नैवेद्य दाखवतात. कशासाठी? तर आमची गुरं सांभाळ, पोरं सांभाळ, तू तुझ्या रानात राहा, म्हणून.

बैठकीतल्या सगळ्या बाया ऐकत होत्या. त्या मुलीची आईही दाराशी उभी होती, मळ्यातून तशीच आलेली, आत यायला संकोचणारी. आक्षेप घेणाऱ्या बाईंनीच तिला आत बोलावून सतरंजीवर जागा दिली. मग दोघींचं बोलणं सुरू झालं, आणि ते वाघाबद्दल कमी, रात्री उघड्या खोपीत लेकरं घेऊन झोपण्याबद्दल जास्त होतं. पक्क्या घरात राहणारी आई आणि उसाच्या कडेला खोपीत राहणारी आई यांच्या भीतीत किती अंतर आहे, ते त्या दिवशी गावातल्या बायांनी पहिल्यांदा नीट ऐकलं असावं. मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

तोडगा आक्षेप घेणाऱ्या बाईंनीच सांगितला. चित्र वर्गाच्या भिंतीवर नको, फाटकापाशी कुंपणाच्या भिंतीवर काढा, उसाकडे तोंड करून. शिवेवरचा देव शिवेवरच बरा. मुलांना ते लगेच पटलं. चित्र फळ्यावर मोठं करायला त्या मुलीला मी खडू दिला, भिंतीवर रंग मोठ्या मुलांनी भरला. वाघाखाली हात धरून चाललेल्या मुलांची रांग आली, ती दुसरीतल्या मुलांची भर. नाग थोडा जाडच झाला आहे. तसाच ठेवला.

माझ्या लहानपणी शाळेचं चिन्ह म्हणजे दसऱ्याच्या पाटीपूजनाला पाटीवर काढलेली, एकाच्या आकड्यांची सरस्वती. ती आजही आम्ही काढतो, आणि आता त्या दिवशी फाटकाजवळच्या वाघदेवालाही मुलं फूल ठेवतात. हे मी सांगितलेलं नाही. शाळेच्या परिपत्रकात, अहवालात याला जागा नाही. पण हंगामी मुलं आणि गावची मुलं आता ‘आपला वाघ’ म्हणतात, आणि मधल्या सुट्टीत एकाच घोळक्यात बसतात. माझ्या नोकरीत मी पाहिलेल्या भिंतींपैकी ही सर्वांत कामाची भिंत आहे.

जनरल रजिस्टरात त्या मुलीचं नाव आम्ही लिहिलं. तिच्या पणतवंडांना कोणी ते रजिस्टर दाखवलं, तर त्यांना बोट ठेवायला जागा आहे.

निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागायतदारांना माझी विनंती आहे. छाटणीला टोळी येईल तेव्हा मुकादमाशी मजुरी ठरवतानाच, सोबत किती मुलं आहेत आणि त्यांची वयं काय, हेही विचारा, आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत कळवा. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्यातही नाही. मूल फाटकापर्यंत तेवढं पोचवा, पुढचं आम्ही शिक्षक बघतो.