काळा दात, पण जिवंत

आमच्या चार वर्षांच्या लेकीच्या दोन दाढा किडल्या. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय आम्हीच लावलेली, तेव्हा दोष कुणाला द्यायचा? डेंटिस्टच्या खुर्चीत बसवलं की ती भोकाड पसरायची. मग एक तर पूर्ण भूल देऊन दाढा भरायच्या, नाही तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब लावायचा. सुई नाही, ड्रिल नाही. कीड बहुतेक थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरीचे दात काळे करायचे?" माझी भीती मात्र वेगळी होती. औषधात चांदी, फ्लोराइड आणि अमोनिया! १९८४ च्या डिसेंबरमधली ती रात्र माझ्या आईबाबांनी याच भोपाळमध्ये काढली. आमच्या घरात कुठलंही रसायन 'सुरक्षित आहे' म्हटल्यावर कुणी लगेच मान डोलावत नाही.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "याने दात आतून मरणार नाही ना?"

त्यांनी कागदावर दात काढला. वर इनॅमल, खाली डेंटिन आणि मधोमध नसा-रक्तवाहिन्यांचा जिवंत गर. म्हणाल्या, "प्रयोगशाळेत गराच्या पेशींवर हे औषध थेट टाकलं, तर पातळ केलेलंही त्यांना मारतं. पण तोंडात मध्ये डेंटिनची भिंत असते. औषध तिथल्या जंतूंना मारतं, किडलेला भाग टणक करतं, डेंटिनच्या बारीक नळ्या बुजवतं. भिंत शाबूत असेल तर गराला सहसा त्रास होत नाही, झाला तर थोडी सूज. मात्र गर उघडा पडला असेल, दात आपोआप ठणकत असेल किंवा हिरडीवर पुळी आली असेल, तर मी हे लावणारच नाही."

हे उत्तर मला पटलं, कारण त्यांनी धोका लपवला नाही. एक्स-रे काढला. कीड गरापासून दूर होती. ओठांना व्हॅसलिन लावलं, दाढा कापसाने कोरड्या केल्या आणि मिनिटभरात काम झालं. लेकीने फक्त "कडू!" म्हणून तोंड वाकडं केलं.

नंतर वाचलं, की जपानमध्ये हे औषध १९७० पासून वापरात आहे आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात, त्यामुळे रात्रीची बाटली बंद आणि झोपण्याआधी ब्रश सक्तीचा. सासूबाई आलेल्या-गेलेल्यांना सांगतात, "उष्टावणाला चांदीची वाटी दिली होती, आता दाढाही चांदीच्या!"

तुमच्यावर अशी वेळ आली तर 'औषध सुरक्षित आहे का?' एवढंच विचारून थांबू नका. 'आमच्या मुलाची कीड किती खोल आहे?' हेही विचारा.