थकव्याचा जमाखर्च

२०२१ सालच्या उन्हाळ्यात कोविडच्या दुखण्यातून मी उठलो. दुखणे गेले, पण जाताना माझी शक्तीही बरोबर घेऊन गेले. गिरगावातील आमचे बिऱ्हाड चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. ज्या जिन्याकडे आयुष्यभर मी लक्षही दिले नव्हते, त्याच्या पायऱ्या आता मला तोंडपाठ झाल्या. तरीही "अहो, थकलात का?" असे पत्नीने विचारले की, "छे! मुळीच नाही," हे माझे उत्तर ठरलेले. पुन्हा वर्गात तासभर उभे राहून शिकविणे आपल्याला जमेल की नाही, ही धास्ती मनात होती. आणि थकव्याची कबुली देणे म्हणजे त्या धास्तीवर शिक्कामोर्तब करणे, असे मला वाटे.

अशा वेळी चिरंजीवांनी माझ्या मनगटावर एक घड्याळ बांधले. त्याच्या पाठीतून निघणारा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो. रक्त तो शोषून घेते. ठोक्यागणिक रक्ताचे प्रमाण कमीजास्त होते, आणि त्या फरकावरून नाडी मोजली जाते. एके दिवशी ठाकुरद्वारहून भाजी घेऊन येताना दुसऱ्या मजल्यावर मी कठड्याला टेकलो. पत्नीने माझ्या तोंडाकडे न पाहता मनगटाकडे पाहिले. आकडा होता १२८! माझी लबाडी उघडी पडली.

मग मी त्या यंत्राला सर्वज्ञ मानू लागलो. पण एका सकाळी आकडा अवघा ७६, आणि मला पुस्तकही उचलवेना! घड्याळ नाडी मोजते, थकवा नव्हे, हे तेव्हा उमगले. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी त्यावर तोड सांगितली. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची एक मोजपट्टी तयार केली आहे. ६ म्हणजे श्रम मुळीच नाहीत, २० म्हणजे श्रमांची पराकाष्ठा. आणि आकडा ज्याचा त्याने सांगावयाचा. निरोगी तरुणाच्या आकड्याची दसपट केली की साधारणपणे त्याच्या नाडीचे ठोके यावेत, अशी तिची योजना. माणसाचा शब्द हेही एक मापच, असे एका शास्त्रज्ञाने मानलेले पाहून मला बरे वाटले. पण माप खरे हवे, तर शब्दही खरा हवा!

मी वहीत दोन रकाने आखले: एक घड्याळाचा, एक माझा. दोहोंपैकी एकानेही हात वर केला की थकण्यापूर्वीच बसावयाचे, हा नियम केला. शक्ती हळूहळू परतली; वर्गही परत मिळाला. ती वही केव्हाच संपली. मात्र अजूनही जिन्यात पत्नी कधी विचारते, "थकलात का?" मी म्हणतो, "चौदा." ती काही न बोलता माझ्या हातातील पिशवी घेते.