कराराची दुसरी बाजू

"आम्ही तर परवा आलो, आमचा काय संबंध?" कॅनडातल्या मूळ रहिवाशांचा विषय निघाला की इथल्या मराठी मंडळींत हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यात दुष्टावा नसतो. तरी मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते 'ब्लँकेट एक्सरसाइज' या कार्यशाळेत नीट उमगलं.

१९९७पासून ती इथे होते आहे. जमिनीवर ब्लँकेटं अंथरतात. तो हा सगळा मुलूख. बूट काढून आपण त्यांवर उभं राहायचं. इतिहास वाचला जातो, तसतशी ब्लँकेटं दुमडली जातात. देवीची साथ येते, काही जणांना बाजूला व्हावं लागतं. १८७६चा इंडियन अ‍ॅक्ट येतो. मग निवासी शाळा: सुमारे दीड लाख मुलं घरापासून तोडली, मायबोली बोलल्याबद्दल मार खात वाढली. अखेर पायाखाली टीचभर कापड उरतं. पुस्तकात हे सगळं आहे. पण शेजारी उभी असलेली बाई निघून गेल्यावर पडलेली जागा पुस्तकात दिसत नाही.

नंतर सगळे गोल बसतात. एकेकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. खरं काम इथे होतं, असं मला वाटतं. मूळ रहिवाशांना रिझर्व्हबाहेर, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीबाहेर, पडायला सरकारी एजंटाचा पास लागे, हे ऐकून मला 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची सोलापूरची सेटलमेंट आठवली: तारेचं कुंपण, हजेरी, परवाना. गुन्हेगार जमाती कायदा १८७१चा, राज्यही तेच, ब्रिटिशांचं. मी हे सांगितल्यावर एका आजींनी विचारलं, "त्या लोकांचं पुढे काय झालं?" १९५२मध्ये कायदा गेला, शिक्का मात्र गेला नाही, एवढंच मला सांगता आलं.

आणि हा सगळा जुना इतिहास नाही. आमच्या मिसिसागा शहराला ज्यांचं नाव आहे, ते लोक १८४७मध्ये इथून हेगर्सव्हिलजवळ गेले. टोरोंटोच्या जमिनीच्या १८०५च्या करारात त्यांच्यावर अन्याय झाला होता. त्याच्या दाव्याची तडजोड २०१०मध्ये झाली, साडेचौदा कोटी डॉलरांना. म्हणजे करार अजून जिवंत आहेत. त्यांतली एक बाजू त्या लोकांची. दुसरी सरकारची, म्हणजे नागरिक झालेल्या आपलीही. २०२१पासून नागरिकत्वाच्या शपथेतच या करारांचे हक्क आले आहेत. निवासी शाळांबद्दलच्या सत्यशोधन आयोगाच्या ९४ शिफारशींतली ही शेवटची शिफारस.

आमच्या मराठी मंडळात ही कार्यशाळा व्हावी म्हणून मी मागे लागले आहे. चालवायला येणाऱ्यांना चांगलं मानधन द्यायचं, हे आधीच सांगून ठेवलंय. आपलं दुःख त्यांनी आपल्याला फुकट का शिकवावं? आणि शाळकरी मुलांनाही बसू द्यायचं. ती शाळेत हे शिकतात, प्रश्न तीच विचारतील.