खोली शिल्लक आहे का?

मागच्या मे महिन्यात आम्ही केप टाऊनला पाच रात्री राहिलो. ह्यांच्या कंपनीची बैठक होती, खोली कंपनीने घेतली होती, आणि खोलीत दोन माणसं राहिली तरी भाडं तेवढंच होतं. शाळेला सुट्टी होती. माझ्या तिकिटाचे पैसे घरातून घातले आणि मीही गेले. नाहीतर अशा हॉटेलात शिरण्याचं मला काही कारण नव्हतं.

हॉटेल शहराच्या ऐन मध्यावर होतं. आजूबाजूला बँका, वकिलांची ऑफिसं, कोर्ट. खाली लॉबीत कोट घातलेली माणसं लॅपटॉप उघडून बसलेली. मी सलवार-कमीज, डोक्यावर दुपट्टा आणि हातात झिप बिघडलेली बॅग घेऊन काउंटरसमोर उभी राहिले. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही पासपोर्ट घेतले, नावं टाईप केली, आमच्याकडे बघून हसली आणि सलाम केला. मग विचारलं, नमाजसाठी मुसल्ला वर पाठवू का? दहा मिनिटांत मुसल्ला आला. घेऊन येणाऱ्या माणसाने किब्लाही सांगितला: टेबल माउंटनकडे पाठ करायची आणि समुद्राकडे तोंड.

आपल्याकडे लहान मुलालाही किब्ला म्हणजे पश्चिम एवढं माहीत असतं. केप टाऊन आफ्रिकेच्या तळाशी आहे, मक्का तिथून उत्तरेला, जराशी पूर्वेकडे झुकून. दुपारचा सूर्यही तिथे उत्तरेकडून जातो. पहिले दोन दिवस मला दिशाच लागेना. पण डोंगराकडे पाठ, ही खूण पक्की होती. मे म्हणजे तिथे थंडीची सुरुवात. सूर्य साडेसातच्या पुढे उगवतो, मगरिब सहाच्या आत होते. फजरला उठून मी पडदा सरकवायचे. खाली बंदराचे दिवे दिसायचे आणि डावीकडे टेकडीच्या उतारावर मशिदीचे मिनार. काच इतकी जाड की अजान मात्र आत यायची नाही.

ती टेकडीवरची वस्ती म्हणजे बो-काप. हे बैठकीला गेले की मी पायी निघायचे. वेल स्ट्रीटवरून सरळ चढत गेलं की पंधरा मिनिटांत रंगीबेरंगी घरांची रांग सुरू होते. पर्यटक तिथे फोटो काढायला येतात. पण चढ लागण्याआधी, त्याच वेल स्ट्रीटच्या खालच्या टोकाला, अॅडर्ली स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक पांढरी इमारत लागते. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1679 मध्ये आपले गुलाम ठेवण्यासाठी ती बांधली. आता तिथे संग्रहालय आहे. गुलाम आले ते मादागास्करमधून, मोझांबिकमधून, इंडोनेशियाच्या बेटांवरून, सिलोनमधून, आणि आपल्या बंगालमधून, मलबारमधून, कोरोमंडल किनाऱ्यावरून.

त्यांची नावं वाचताना मी थांबले. आईबापांनी ठेवलेली नावं कंपनीच्या वहीत क्वचितच आली. कोणाला रोमन सरदाराचं नाव दिलं, कोणाला बायबलमधलं. मागे गावाचा शिक्का: 'फान बेंगालेन', म्हणजे बंगालचा. आणि पुष्कळांना महिन्याचं नाव. सप्टेंबर, फेब्रुवारी, एप्रिल. ही आडनावं आजही केप टाऊनमध्ये सर्रास आढळतात. आमची खोली आवरायला येणाऱ्या बाईंच्या छातीवरच्या पट्टीवर सप्टेंबर असं आडनाव होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, कसलातरी महिन्याचा बिल्ला असेल.

बाई मुसलमान होत्या. टॉवेल बदलून जाताना 'शुक्रन' म्हणायच्या. दारात मी आडवी आले तर म्हणायच्या, 'कनाला'. म्हणजे 'कृपया'. हा शब्द मलाय भाषेतल्या 'कारना अल्लाह', म्हणजे 'अल्लाहसाठी', याचा झिजून झालेला. नाव गेलं, मूळ भाषा गेली, पण वाट मागताना अल्लाहचं नाव घ्यायची सवय दोनशे-तीनशे वर्षं टिकली. मी उर्दू आणि मराठी शिकवते. भाषा कशी मरते हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. एकच शब्द धरून ती कशी तगते, हे त्या हॉटेलच्या दारात कळलं.

बो-कापच्या डॉर्प स्ट्रीटवर अव्वल मशीद आहे, 1794 सालची, दक्षिण आफ्रिकेतली सर्वांत जुनी. तिचे पहिले इमाम तुआन गुरू. डचांनी त्यांना इंडोनेशियातल्या तिदोरेहून कैदी म्हणून आणलं आणि रॉबेन बेटावर डांबलं. कैदेत त्यांनी कुराण आठवणीतून लिहून काढलं. पण मशिदीला जागा कोणाची? कोरिडॉन फान सिलोन या मुक्त झालेल्या गुलामाची. त्याच्यामागे ती मिळाली त्याच्या मुलीला, सार्चे फान दे काप हिला, आणि तिने ती मशिदीसाठी दिली. ज्या गावात त्यांच्यासारख्यांना माल म्हणून विकलं गेलं, त्याच गावात त्यांच्यातल्या एका बाईने सगळ्यांना कपाळ टेकायला जागा दिली. तिथे मी दोन रकात पढले आणि बराच वेळ बसून राहिले.

परत हॉटेलात आले की दरवान अदबीने दार उघडायचा. मला दरवेळी वाटायचं, हे दार माझ्यासाठी कधीपासून उघडं आहे?

गांधीजींची गोष्ट आपल्याला मारित्झबर्गच्या स्टेशनपर्यंतच शिकवली जाते. ती पुढे आहे. 1893 मध्ये पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला शेठजींच्या खटल्यासाठी ते प्रिटोरियाला निघाले होते. वाटेत जोहान्सबर्गला ग्रँड नॅशनल हॉटेलात गेले. मॅनेजरने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि नम्रपणे सांगितलं, सगळ्या खोल्या भरल्या आहेत. मग ते एका मुसलमान व्यापाऱ्याच्या पेढीवर गेले. तिथले अब्दुल गनी शेठ ही हकिगत ऐकून हसले. हिंदी माणसाला हॉटेलात घेतील असं तुम्हाला वाटलंच कसं, असा त्यांचा सवाल होता. पुढे प्रिटोरियात जॉन्स्टन नावाच्या माणसाच्या हॉटेलात जागा मिळाली, पण जेवण खोलीतच घ्यायचं या अटीवर. थोड्या वेळाने जॉन्स्टनलाच लाज वाटली. त्याने इतर गोऱ्या पाहुण्यांना विचारलं, त्यांनी हरकत नाही म्हटलं आणि गांधीजी जेवणघरात बसून जेवले. हे सगळं 'सत्याचे प्रयोग'मध्ये आहे.

नंतर गोऱ्यांच्या सरकारने या नकाराचा कायदाच केला. 1953 च्या कायद्याने सार्वजनिक जागा वंशानुसार वाटून देता येऊ लागल्या, आणि दोन्हीकडच्या सोयी सारख्या असण्याचीही गरज ठेवली नाही. तो कायदा 1990 मध्ये रद्द झाला. म्हणजे मी प्राथमिक शाळेत जात होते तेव्हाही अशा हॉटेलाच्या दारात माझ्यासारखीला कोणीही अडवू शकलं असतं.

मग तेव्हा आपले लोक उतरायचे कुठे? याचं उत्तर रायलँड्समध्ये मिळालं. वर्णभेदाच्या काळात केप टाऊनच्या हिंदी लोकांना राहायला ठरवून दिलेला हा भाग. आपल्या कोकणातले, रत्नागिरी-रायगडकडचे मुसलमान शंभरएक वर्षांपासून या शहरात आहेत. ओळखीतून एका घरी चहाला गेलो. घरातल्या दादीमांना अजून थोडी कोकणी येते. आम्ही हॉटेलात उतरलोय हे ऐकून त्या रागावल्याच. त्यांच्या घरी एक खोली कायम पाहुण्यांची असायची. डर्बनहून व्यापारी येवो, मुंबईच्या बोटीने कोणी येवो, मौलाना असो की विद्यार्थी, हॉटेलं बंद म्हणून घरं उघडी. पाहुणा कोण, कुठला, हे जेवण झाल्यावर विचारायचं. मला अब्दुल गनी शेठ आठवले. त्यांनीही वकीलसाहेबांना आधी घरात घेतलं होतं.

खरं सांगायचं तर त्या काउंटरवरच्या मुलीने मला सलाम केला तेव्हा माझ्या पोटात कालवलं होतं. तीन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी मी आणि शेजारच्या मराठी शाळेतल्या एक बाई परगावी गेलो होतो. एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर बाईंनी विचारलं, तर दोन खोल्या होत्या. मग माझं आधार कार्ड पुढे गेलं. मॅनेजरने ते वाचलं, वहीत डोकं घातलं आणि म्हणाला, "एकच शिल्लक आहे मॅडम, दुसरी बुक झालीय." बाई म्हणाल्या, "मग एकीतच राहतो दोघी." तो म्हणाला, "तसं चालत नाही इथे." बाईंनी आपलं कार्ड त्याच्या टेबलावरून उचललं, पर्समध्ये टाकलं आणि मला म्हणाल्या, "चला हो." त्या रात्री आम्ही त्यांच्या मावसबहिणीकडे झोपलो. तो मॅनेजर उद्धट नव्हता, जोहान्सबर्गचा मॅनेजरही नव्हता. 'खोली शिल्लक नाही' हे वाक्य नेहमी सभ्यपणेच बोललं जातं.

म्हणून केप टाऊनला स्वर्ग म्हणायचं का? तसंही नाही. सप्टेंबर बाई संध्याकाळी मिनीबस टॅक्सी धरून शहराबाहेर, मिचेल्स प्लेनला जायच्या. त्यांच्या आईवडिलांचं घर डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये होतं, आमच्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. 11 फेब्रुवारी 1966 ला ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली. साठ हजारांहून जास्त माणसं उठवली, घरांवर बुलडोझर फिरवले. मशिदी आणि चर्च तेवढी उभी ठेवली. आज कायदा कोणालाच अडवत नाही. पण ज्या खोलीच्या चादरी बाई रोज ताणून बसवतात, तिथल्या एका रात्रीचं भाडं त्यांना परवडणार नाही. मलाही नाही. बो-कापमध्येही आता महागड्या इमारती चढू लागल्या आहेत. घरपट्टी भरता येईना म्हणून जुनी कुटुंबं हलू लागली. 2018 मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे 2019 मध्ये वस्तीला वारसा म्हणून संरक्षण मिळालं. पूर्वी रंग बघून जे सांगितलं जायचं, ते आता दरपत्रक सांगतं.

तरीही फरक आहे, आणि तो मी लहान मानत नाही. पैशाने बंद असलेलं दार आणि नावाने बंद असलेलं दार सारखं नसतं. पहिलं दार म्हणतं, तुझ्याकडे नाही. दुसरं म्हणतं, तूच नको.

हे लिहिताना फक्त आपल्यावर झालेला अन्याय मोजून थांबणं मला बरं वाटत नाही. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून ते राहिले. नाव उघडं पडलं आणि हातात काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. हे आपण वाचतो, हळहळतो. पण त्यांनी दौलताबादचीही आठवण लिहून ठेवली आहे. 1934 मध्ये ते सहकाऱ्यांसोबत किल्ला पाहायला गेले. दारापाशी एका हौदावर हातपाय धुतले म्हणून तिथले मुसलमान धावून आले, हौद बाटवला म्हणून. ज्या दीनमध्ये पाणी कोणाच्या स्पर्शाने बाटत नाही, त्याच दीनच्या माणसांनी हे केलं. तो हौदही आपल्या हिशेबात धरायला हवा.

भारतीय संविधानाच्या कलम 15 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला कुठे अडवायचं नाही त्याची यादी आहे. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, आणि हॉटेलंही. बडोद्याच्या धर्मशाळेतून आणि दौलताबादच्या हौदावरून हाकललेला माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता. ती यादी मी आता वेगळ्या नजरेने वाचते. त्या यादीत भाड्याची घरं मात्र नाहीत.

आमच्या घराची वरची खोली जूनपासून रिकामी होती. एजंट आला आणि आपलेपणाने म्हणाला, "बाजी, आपल्यातलेच देऊ ना? बिरादरी कोणती चालेल?" हे वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "भाडं दहा तारखेच्या आत देणारी." एजंट हसला. त्याला वाटलं, गंमत करतायत. आता वर एक जोडपं राहतं. ती शिकवण्या घेते, तो एका दुकानात हिशेब लिहितो. त्यांचं आडनाव मला पहिल्यांदा समजलं ते लाइट बिलावर नाव बदलायचा अर्ज भरताना.