एका निळ्या शाईची ईदकार्डे
टपाल तिकिटे छापणारी नाशिकरोडची १९२५ सालची इंडिया सिक्युरिटी प्रेस मागे पडली, की थोड्याच वेळात एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. रमजानच्या अखेरीस आम्ही तिथल्या मुलांकडे गेलो. सोबत भेंड्या, बटाटे आणि निळ्या शाईची एकच बाटली. भेंडीचा ठसा शाईत एकदाच बुडवून चारदा उमटवायचा. पहिला गडद, चौथा अगदी फिका. बटाट्यावर उर्दूत ‘ईद मुबारक’ आम्ही सरळच कोरले, उमटले उलटे! मुले पोट धरून हसली.

वडिलांच्या बदलीमुळे कोराडीला गेलेल्या मैत्रिणीसाठी एकीने सर्वांत फिके कार्ड निवडले. गडद का नको?

“टीचर, फिक्यावर जास्त लिहिता येतं.”

पाठची बाजूही तिने भरून टाकली.